उमेळ्याचा बर्फ

तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीत बसून, त्याच्याच घरचा चहा पिऊन गुन्हेगार म्हणालात. वर बशीतलं सुकेळं, सुकवलेलं केळं, उचललंत, अर्धं खाल्लंत, ‘छान आहे हो’ म्हणालात आणि उरलेलं अर्धं रुमालात बांधून घेऊन गेलात. तुम्ही निवड समितीवर आहात, इथल्या जुन्या घरांतली चित्रं प्रदर्शनासाठी निवडायचा अधिकार तुम्हाला कोणीतरी दिलेला आहे, तुमच्या जाकिटाला आतून रेशमी अस्तर आहे, सगळं मान्य. पण त्या वेळी विनिताच्या तोंडून शब्द फुटला नाही, याचा अर्थ तिला तुमचं पटलं असा तुम्ही काढलात, तो चुकीचा. तिचं तोंड बंद झालं ते वेगळ्याच कारणानं. तुम्ही नखानं भिंतीवरच्या चित्राचा एक टवका उडवलात आणि त्या टवक्याखालून एक कान बाहेर आला. लांब, करड्या लवेचा, आतून गुलाबी. तुम्ही तो बघितलासुद्धा नाही. तुम्ही बोटाला लागलेली पांढरी भुकटी हुंगण्यात गर्क होतात.

ते चित्र विनिताच्या जन्माआधीपासून वसईजवळच्या उमेळ्याला, चुरींच्या घरात आहे. दीड हात रुंद, दोन हात उंच, लाकडी चौकटीतलं. बर्फातून एक शिकारी सरळ आपल्याकडे चालत येतोय. अंगात जाड कोट, डोक्याला केसाळ कानटोपी, खांद्यावर बंदूक, मिशीवर दहिवर गोठलेलं. कोटाचं एक बटण लोंबकळतंय आणि त्याचा सुटलेला दोरासुद्धा दिसतो, इतकं ते खरं. मागे पांढऱ्या सालीची निष्पर्ण झाडं, आणि पार मागे एक लाकडी घर, त्याच्या एका खिडकीत पिवळा उजेड. शिकाऱ्याचा डावा हात अंगापासून जरा लांब आहे आणि त्याची मूठ घट्ट आवळलेली आहे. लहानपणी विनिता वडिलांना विचारायची, “अण्णा, ह्याला काय मिळालं?” अण्णा म्हणायचे, “अजून काय नाय. आता तर निघालाय घरातनं.” मग ती विचारायची, “मूठ कशाला आवळलीय?” आणि अण्णा म्हणायचे, “थंडी वाजत्येय त्याला, बाय.” एवढ्या उत्तरावर तिची चव्वेचाळीस वर्षं निघाली. त्यात तिला कधी काही कमी वाटलं नव्हतं.

आणि तुम्ही, साहेब, आधी काय म्हणाला होतात ते आठवा. चष्मा लावून, कमरेत वाकून तुम्ही त्या बर्फाजवळ नाक नेलंत आणि म्हणालात, “हा निळा बघा. हा उत्तरेचा प्रकाश आहे. आपल्याकडच्या माणसाला हा निळा दिसणारच नाही, आपला डोळाच तसा नाही.” विनिताला इतका आनंद झाला की ती पटकन बोलून गेली, “नीळ अण्णा घालतात. नुसता चुना मारला तर पिवळट दिसतो ना.” तुम्ही हळूच सरळ झालात. मग ते नख, मग तो टवका. “कोणी केलं हे?” तुम्ही विचारलंत, आणि खुर्चीतल्या अण्णांनी वर्गात करतात तसा हात वर केला. “मी. दर दिवाळीला.” तुम्ही म्हणालात, “हा खून आहे चित्राचा. गुन्हा आहे हा, कळतं का तुम्हाला?” अण्णा थोडं कमी ऐकतात. ते म्हणाले, “सुकेळं घ्या ना, घरचंय.”

जाताना दारात चपला घालताघालता तुम्ही निवाडा दिलात. गुरुवारी तुमचा माणूस येणार. चित्र घेऊन जाणार, सगळा चुना खरवडून काढणार, खालची सही मोकळी करणार. नाव मोठं निघालं तर प्रदर्शनाच्या पहिल्याच दालनात चित्र लागणार, शेजारी चुरी कुटुंबाच्या सौजन्याने अशी पाटी. आहे तसं मात्र ते दाराबाहेरसुद्धा लागणार नाही. विनितानं फक्त हो म्हणायचं होतं. आणि ते हो तिच्या जिभेवर आलेलंच होतं, हे कबूल करायला हवं. कारण ती नोकरी करते त्या बँकेत तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमचं चित्र प्रदर्शनात लागणार. चुरींची केळीची वाडी विकली गेली, त्या जागी ही बिल्डिंग उभी राहिली, रहाटाच्या विहिरीवर पाण्याची टाकी आली, आणि लग्नाकार्यात कोणी ना कोणी पानाची पिंक टाकावी तसं टाकतोच, “काय, वाडी खाऊन संपवली ना सगळी?” अशा लोकांना पहिल्या दालनात नेऊन उभं करायचं, बोलायचं काही नाही, नुसतं पाटीकडे बघायला लावायचं, असं तिनं मनात कितीदा तरी करून झालं होतं. कुठली साडी नेसायची तेही ठरलेलं होतं. आता तिचा तो मान अण्णांच्या चुन्याखाली अडकला होता, आणि मधे तो कान.

शनिवारी तुम्ही गेल्यावर तिनं फरशीवरचा टवका उचलला. पापडाच्या तुकड्यासारखा वाकडा, हलका, आणि कडेनं बघितलं तर त्यात एकावर एक पातळ थर. पांढरा, निळसर, पांढरा, निळसर. तिनं तो वाटीत ठेवला, वाटी फडताळात ठेवली, फडताळाचं दार लावलं, परत उघडलं. प्रत्येक थर म्हणजे एक दिवाळी. काथ्याचा कुंचला, शेणाच्या जमिनीवर पसरलेली पोती, बादलीत खदखदणारा विरलेला चुना, त्यात अण्णा हिंदकळवायचे ती निळीची पुरचुंडी. भिंती झाल्या की बादलीच्या तळाशी उरलेला चुना चित्राचा. हे काही अघटित करतोय असं त्या घरात कोणालाही वाटलं नाही. खिडक्यांना तेल, विहिरीच्या रहाटाला वंगण, तसा चित्राला चुना. धुरानं बर्फ पिवळा पडतो, तो दर वर्षी पांढरा करावाच लागतो, चित्र असलेल्या प्रत्येक घरात हे करतातच, अशी विनिताची समजूत होती. बादली धरायचं काम तिचंच. अण्णा एक डोळा मिटून मागे सरकायचे आणि म्हणायचे, “ह्या साली बरा पडला.” आई चुलीकडून बघून म्हणायची, “पोटऱ्यांपर्यंत आलाय हो. बुडवाल त्या बिचाऱ्याला.” कारण कुंचला काही चौकट पाळत नाही. आधी शिकाऱ्याच्या बुटांचे तळ गेले, मग बूट गेले, मागच्या घराच्या पायऱ्या गेल्या, कोपऱ्यातली सही तर केव्हाच गेली. विनिताचं मॅट्रिक होईपर्यंत बर्फ नडगीवर चढला होता. इतर ठिकाणचा बर्फ उन्हाळ्यात वितळत असेल. उमेळ्याचा नाही वितळला.

एकदा, चार-पाच वर्षांची असताना, भर वैशाखात तिनं पाटावर चढून तो बर्फ चाटला होता. जीभ पोळली. मग शाळेत बाईंनी विचारलं, बर्फ कसा लागतो, तर हिनं सांगितलं, झोंबतो. बर्फ कशाचा होतो? चुन्याचा. वर्ग हसून हसून बाकांवरून पडला. त्यानंतर वसईच्या जत्रेत पहिल्यांदा बर्फाचा गोळा खाल्ला तेव्हा तिला तो बेचव वाटला, फसवणूक झाल्यासारखं वाटलं, आणि खरा बर्फ आपल्या घरी आहे ही खात्री पुढे बरीच वर्षं, भूगोल वगैरे शिकूनही, पोटात कुठेतरी तशीच राहिली. थंडीत वाड्यांमधल्या पायवाटेनं शाळेत जाताना ती डावी मूठ आवळून चालायची. शिकारी चालतो तशी. बंदूक नव्हती, पण मूठ होती. ती सवय पुढे कधी गेली नाही. बँकेत काउंटरखाली, साहेब ओरडला की, कोणी खातेदार अरेतुरेवर आला की, तिची डावी मूठ आपोआप वळते. मग तिला बरं वाटतं. आपण कुठल्यातरी दूरच्या, स्वच्छ, गार जागेत आहोत आणि हा समोरचा माणूस अजून उन्हात आहे, असं. आणि आता त्या मुठीखालून एक कान आला होता. म्हणजे मूठ रिकामी नव्हती. त्यानं काहीतरी धरलं होतं, आणि ती इतकी वर्षं रिकामी मूठ आवळून बसली होती. सोमवारी तिनं तीनदा मूठ वळली आणि तीनदा उघडून आत बघितलं. शेजारच्या टेबलावरच्या श्रीरंगनं विचारलंच, “मॅडम, हातात काय आहे?” ती म्हणाली, “थंडी.” ऑक्टोबर चालू होता, घामानं श्रीरंगचा शर्ट पाठीला चिकटला होता.

पण हे सोमवारचं झालं. मधे रविवार होता, आणि रविवारी फ्लॉसी आली. फ्लॉसी जवळच्याच सांडोर गावची. नर्सची नोकरी करून आता निवृत्त, स्वतःच्या वाडीत भाजी लावते आणि चर्चमधली मिस्सा संपली की दर रविवारी एक पिशवी अळू, वांगी, जे निघेल ते चुरींकडे आणून टाकते. हे चित्रही मुळात तिच्याच घरचं. तिचे वडील पास्कूकाका बोटीवर होते. कुठल्याशा गोठलेल्या बंदरात बोट अडकली, तिथे कोणीतरी हे त्यांना दिलं, आणि काकांनी ते सांडोरला आणलं. पण फ्लॉसीच्या आईनं ते घरात फार दिवस राहू दिलं नाही, कारण कुठल्याही भिंतीला लावलं तरी बंदुकीची नळी आल्तारकडेच बघायची, आणि येशूवर नेम धरलेला माणूस घरात नको. म्हणून पास्कूकाकांनी चित्र काशिनाथ चुरींना, म्हणजे अण्णांना, दिलं आणि बदल्यात राजेळी केळीचे टोपलीभर मुनवे, लावायचे कोंब, नेले. ती केळ अजून फ्लॉसीच्या वाडीत आहे, पिढ्या बदलत. देवाणघेवाण अशी चोख झाली होती.

फ्लॉसीनं पिशवी ओट्यावर ठेवली, पदरानं मान पुसली, चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं, ससा परत आला की.”

विनिता म्हणाली, “कुठला ससा?”

“कुठला काय. ह्याच्या हातात होता ना. मी लहान असताना रोज बघायचे मी त्याला. मला वाटायचं तो झोपलाय.” मग ती खुर्चीकडे वळली. “काशिनाथकाका, हिला ससा माहीत नाय?”

अण्णा वर्तमानपत्रामागे गेले. ते वर्तमानपत्र कालचं होतं.

“अण्णा,” विनिता म्हणाली.

“ऐकू नाय येत.”

“फ्लॉसीचं आलं, माझं नाही येत?”

“तिचा आवाज इस्पितळातला आहे. तो झोपलेल्यालापण ऐकू येतो.” पण त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांचा चेहरा लाजल्यासारखा झाला होता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लाजला की घरातल्या माणसाला कुठे बघावं ते कळत नाही. ते म्हणाले, “तुझ्या वेळचे डोहाळे तुझ्या आईला. वैशाख होता. दुसऱ्या बायकांना चिंच लागते, माती लागते. हिला बर्फ बघायला लागायचा. ताट घेऊन चित्रासमोर बसायची. दुपारी तिथंच जमिनीवर लवंडायची. सांगायची, वारा येतो तिकडनं. म्हातारी कमळीकाकी म्हणाली, पोटुशीनं असं मेलेल्या सशाचं रक्त बघायचं नसतं, पोराच्या अंगावर लाल डाग उठतो. काढून टाक ते. सुमन, तुझी आई, म्हणाली, काढलंत तर मी माहेरी जाईन. आता काकीचं ऐकू का हिचं? मग दुपारी सगळी झोपली तवा पानाच्या डब्यातला चुना घेतला बोटावर. ससा झाकला. काकीचंपण झालं, हिचंपण झालं.”

“आणि दिवाळीला?”

“दिवाळीला बघतो तर तेवढाच तुकडा पांढराफेक. बाकीचा बर्फ त्याच्यापुढे मळका. लपवलेलं कळायला लागलं ना. म्हणून सगळ्याला हात मारला. एकदा मारला की पुढल्या साली मारावाच लागतो. भिंतीचं तसंच आहे.”

फ्लॉसी हसत सुटली. ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. विनिताला हसू येईना आणि रडूही येईना. तिला एकदम तहान लागली. ती उठून माठातलं पाणी प्याली आणि तिथेच, भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर आई आली, पण ओळखीची आई नाही. ओळखीची आई म्हणजे गुडघे धरून उठणारी, शेवटी शेवटी औषधांच्या वासाची. ही विशीतली बाई होती, विनितापेक्षा कितीतरी लहान, सारवलेल्या जमिनीवर कुशीवर पडलेली, हाताची उशी केलेली, आणि तिला दुसऱ्याच कुठल्यातरी देशाचा वारा लागत होता. बंदुकीला भ्यायली नाही, रक्ताला भ्यायली नाही, माहेरी जायची धमकी दिली. ही बाई आपल्याला कधी भेटलीच नाही. आणि हा खुर्चीतला माणूस, ज्याला लोक वाडी विकणारा काशिनाथ म्हणतात, तो एका दुपारी पायाचा आवाज न करता उठला आणि त्यानं बोटाच्या टोकावर चुना घेऊन एक मेलेला ससा नाहीसा केला, बायकोला वारा लागत राहावा म्हणून. खून म्हणालात ना तुम्ही? विनितानं आपल्या दंडाकडे बघितलं, मग दुसऱ्या. अंगावर कुठेही लाल डाग नव्हता. हा काही पुरावा नव्हे, तिला माहीत होतं. तरी तिनं बघितलं.

“मग मला का नाही सांगितलंत कधी?”

“तू कुठं विचारलंस? तू विचारलंस मूठ का आवळली. मी सांगितलं, थंडी वाजते. खोटं नाय ते. वाजतच असंल.”

विनिता म्हणाली, “मी त्या माणसाला नाही म्हणून सांगते. नाही खरवडायचं.” म्हणताना तिचं पहिलं दालन, ती साडी, ते लग्नातले लोक एका रांगेत तिच्यासमोरून गेले आणि त्यांच्याबरोबर छातीतलं काहीतरी दुखत गेलं, हेही खरं. आवडीची गोष्ट सोडताना माणूस थोर वगैरे होत नाही. त्याला नुसती चिडचिड होते. ती चिडून म्हणाली, “आहे तसंच राहू दे.”

“का?” अण्णा म्हणाले. “मला बघायचाय ससा.”

“अण्णा.”

“एवढी वर्षं झाकला, आता बघू नको? सुमन गेली. कमळीकाकी गेली. आता रक्त बघून कोणाला काय होणार आहे? तुला?” त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की फ्लॉसी पुन्हा हसली. “खरवडू दे त्याला. मी सही करून देतो पायजे तर.”

“तो सगळा बर्फ काढेल. बुटांपर्यंत. सगळ्या दिवाळ्या.”

“हां,” अण्णा म्हणाले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ते चित्राकडे बघत राहिले, हिशेब चुकलेल्या माणसासारखे. “तेवढं नको. मेहनत आहे त्यात.”

खाली कोणी तरी पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडत होतं. फ्लॉसीला असं अडून बसलेलं सहन होत नाही. तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि म्हणाली, “कापूस आहे का घरात? कोमट पाणी कर. तुमचं चित्र, तुमचा चुना, तुमचा ससा. पाहिजे तेवढं काढा ना. त्यासाठी गुरुवारची वाट कशाला बघायची?”

चित्र भिंतीवरून काढून टीव्हीच्या टेबलावर आडवं ठेवलं. टीव्ही जमिनीवर गेला. फ्लॉसीनं जखमेवरची पट्टी भिजवतात तसा कापूस भिजवला, पिळला, मुठीखाली अलगद ठेवला, आणि अण्णांनी करंगळीचं नख, पान खाणाऱ्याचं वाढवलेलं नख, टवक्याच्या कडेखाली घातलं. चुना तेलरंगाला कधीच मनापासून चिकटलेला नव्हता. नुसता आदरानं टेकून राहिला होता. खपलीसारखा निघायला लागला. “दुखलं तर सांगा हो,” फ्लॉसी सशाला म्हणाली. अण्णा म्हणाले, “गप बस, हात हलतो माझा.” विनिता वाटी धरून उभी होती. पूर्वी बादली धरायची, आता वाटी. दुसरा कान आला. मग डोकं, मिटलेला एक डोळा, आणि मिशांचे केस इतके बारीक की फुंकर मारली तर हलतील असं वाटावं. मग पोट, त्यावरची लव, पावसाळ्यात भिजलेल्या मांजरासारखी जागोजाग चिकटलेली. ज्यानं कोणी हे रंगवलं त्यानं तो ससा हातात घेऊन बघितला होता, त्याचं वजन तोललं होतं, यात शंकाच नव्हती. मागच्या दोन्ही तंगड्या शिकाऱ्याच्या मुठीत होत्या. शेवटी नाकाखालचा चुना निघाला. तिथे, खालच्या बर्फावर, तीन लाल थेंब. कुंकवाची काडी टेकवावी एवढे.

अण्णा खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “एवढंच?”

ते आणखी खाली वाकले.

“मला वाटलं होतं सगळं रक्तच रक्त आहे. एवढंसंच होतं?” त्यांनी करंगळी त्या थेंबांजवळ नेली, टेकवली नाही. “मी घाबरलो होतो तवा. पहिलंच पोर होतं.”

विनिताला बोलायचं होतं, पण तिची नजर शिकाऱ्यावर गेली आणि तिथे काहीतरी हललं. रंग हलला नाही, ती स्वतः हलली असेल. हातात ससा आला तसा त्याचा सगळा देह बदलला. खांदा खाली आलेला, तो बंदुकीच्या वजनानं नव्हे, थकून. मिशीतलं तोंड थोडं उघडं, कोणाला तरी हाक मारायच्या बेतात असल्यासारखं. मागचं घर त्याचं नव्हतंच. ते वाटेत लागलेलं कोणाचं तरी घर, त्यानं ते मागे टाकलं होतं. “अण्णा,” ती म्हणाली, “हा निघालेला नाही. हा घरी येतोय.”

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “आपल्या?”

“समोर दुसरं कोण आहे?”

“मग एवढी वर्षं दारात ताटकळत ठेवला की आपण. गुडघाभर बर्फात.”

“आणि रिकाम्या हातानं,” फ्लॉसी म्हणाली. “आता आत घ्या. सशाला मसाला मी वाटते.”

त्या संध्याकाळी चुरींच्या घरी अळूचं फदफदं झालं, अण्णांनी दोनदा भात घेतला, आणि जेवताना तिघंही चित्रासमोर ताटं घेऊन बसली. विनिताला वारा लागतो का ते बघायचं होतं. पंखा चालू होता, त्यामुळे नक्की सांगता येत नव्हतं.

सोमवारचं तुम्हाला सांगितलंच. मूठ उघडून बघणारी बाई खुळी झालेली नव्हती. तिला पहिल्यांदाच आत काय असायला हवं होतं ते माहीत झालं होतं, आणि असं माहीत झालं की दिवसभर हसू येतं. मंगळवारी ती एका खातेदारावर ओरडली आणि नंतर त्याला चहा पाजला. बुधवारी तिनं तुम्हाला फोन केला. तिची अट साधी होती. चित्र न्या, पण आहे तसं लावा. चुन्याला हात लावायचा नाही, सही उकरायची नाही. ससा आम्ही काढलाय, बर्फ राहील. आणि पाटीवर लिहायचं, शिकारी, झाडं आणि ससा: चित्रकाराचं नाव बर्फाखाली. बर्फ: काशिनाथ चुरी, उमेळे. तुम्ही हसलात. मग ती चेष्टा करत नाही हे कळल्यावर तुमचा आवाज बदलला. तुम्ही म्हणालात, “बाई, पाटीवर एकच नाव बसतं. आणि तो बर्फ नाही, चुना आहे.” ती म्हणाली, “आणि बाकीचं काय आहे? तेल आणि रंगाची भुकटीच ना? तो काय खरा माणूस कापून चिकटवलाय?” तुम्ही म्हणालात, कळवतो. गुरुवारी तुमचा माणूस आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. दिवाळी झाली. भिंतींना आता प्लॅस्टिक पेंट आहे, पण अण्णांनी पानवाल्याकडून चुन्याची पुडी आणली, नीळ कालवली, आणि सशाच्या कडेकडेनं, जीभ दातांत धरून, या सालचा बर्फ पाडला. सशावर एक थेंब उडू दिला नाही. तुमचं प्रदर्शन सुरू झालं म्हणतात. पहिल्या दालनात कोणाचं काय लावलंय, ते तुमचं तुम्हाला लखलाभ.

पण कळवतो म्हणालात, ते कळवलेलं नाही. माणसानं पोटातल्या पोरीसाठी आणि तिच्या आईच्या नजरेसाठी पाडलेला बर्फ, दर वर्षी स्वतःच्या हातानं निगुतीनं राखलेला, तो चित्रात धरायचा की नाही धरायचा? धरत नसाल तर का नाही? आडवळणं नकोत, तुमची ती इंग्रजी नावं नकोत. उमेळ्याला या, स्टेशनवरून रिक्षा मिळते, अण्णा दिवसभर घरीच असतात. त्यांच्यासमोर बसा आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा. पाटीवर त्यांचं नाव घालताय का नाही?